मास्तरांचा उजवा खांदा

डायव्हिंग क्लबात त्यांना सगळे मास्तर म्हणत. तीस वर्षांत त्यांनी किती जणांना खोल पाण्यात उतरायला शिकवलं याची मोजदाद नव्हती, पण उतावळ्यांना ते एकच ऐकवत, "पी हळद नि हो गोरी, असलं पाण्यात चालत नाही." एका टप्प्याची सवय अंगात मुरेपर्यंत पुढच्या टप्प्याचं नाव काढायचं नाही. सुनेलाही त्यांनी नऊ वर्षं असंच तयार केलं होतं, आणि आता क्लबाच्या खोल मोहिमा तीच चालवायची.

मग मास्तरांचा उजवा खांदा आखडला. दीड वर्ष शर्ट चढवायलासुद्धा बायको लागायची. खांदा जरा सैल होतोय तोच कळलं, की सून रविवारी चार जणांना घेऊन बावन्न मीटरवरच्या बुडालेल्या जहाजाकडे चाललीये. ते जहाज मास्तरांनीच शोधलं होतं. वय सदुसष्ट, पुढच्या वर्षाचा काय भरवसा? त्यांना जायचंच होतं.

"मीही येतो," जेवताना त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, दीड वर्ष पाण्यात नाही तुम्ही," सून म्हणाली.

"मग घे परीक्षा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी सकाळी दोघं क्लबाच्या तलावात उतरले. परीक्षा तशी साधी. पाठीवर दोन टाक्या, दोन्हींच्या चाव्या मानेमागे. खोलात एखादीतून हवा गळू लागली, तर हात मागे नेऊन चावी झटकन बंद करायची. उशीर झाला, तर वर यायला हवाच उरत नाही. सुनेने खूण केली. मास्तरांचा उजवा हात कानापर्यंत गेला आणि रुसून बसला. त्यांनी डाव्या हाताने कोपर मागे ढकललं, कशीबशी चावी फिरवली आणि मोठ्या ऐटीत सुनेकडे पाहिलं.

"झालं की नाही?" काठावर येताच त्यांनी विचारलं.

"झालं. पण पन्नास सेकंद लागले. आणि डावा हात वापरलात. खाली त्या हातात दिवा असतो."

"सोडीन की दिवा घटकाभर."

नऊ वर्षांत सुनेने त्यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द तिच्या तोंडून निघता निघेना.

"नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सहा मीटरवर थांबा, जादा टाकी घेऊन. येताना अंगात मुरलेला वायू निघून जाईपर्यंत आम्हाला तिथे पाऊण तास थांबावंच लागतं. कुणाला हवा कमी पडली तर तुम्ही असाल."

हे काम मास्तर दर वेळी नवख्यांना देत. त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की ते तडक घरी आले.

"मला नाही म्हणाली ती," त्यांनी बायकोपाशी गाऱ्हाणं मांडलं.

"नशीबवान आहे," बायको भाजी निवडत म्हणाली. "मला चाळीस वर्षांत जमलं नाही."

रागावलेल्या माणसाने हसू नये, पण मास्तरांना हसू आलं. आणि हसल्यावर राग पुन्हा गोळा करणं काही जमेना.

रविवारी ते नांगराच्या दोराला धरून सहा मीटरवर थांबले. इथून खाली ते शेकडो वेळा गेले होते. इथे वाट पाहत कधी थांबले नव्हते. पंचवीस मिनिटं खाली नुसता काळोख. बुडबुडे तेवढे वर येत होते. आपण खाली रमलेलो असताना वरच्यांना एकेक मिनिट असं मोजावं लागत असेल, हे त्यांना या वयात कळलं.

मग दिवे दिसले. एक, दोन, पाच. प्रत्येक टप्प्यावर थांबत, कुणीही घाई न करता, पाचही जण वर येत होते. मास्तरांचा ऊर भरून आला. तोंडात हवेची नळी असताना ऊर भरून येणं फार गैरसोयीचं असतं.

सून शेजारी येऊन थांबली. पट्ट्याला अडकवलेली पाटी काढून तिने लिहिलं, "पुढच्या रविवारी वीस मीटर?"

मास्तरांनी पेन्सिल घेतली. घाई केली नाही. उजवा हात सावकाश मानेमागे नेऊन पाहिला. जिथे अडला तिथे अडू दिला, ढकलला नाही. मग वीसवर काट मारून त्यांनी स्वतःच लिहिलं, "बारा."

सुनेने मान डोलावली. उरलेला वेळ सासरा-सून शेजारी शेजारी मजेत लटकत राहिले.