रुमालाखालचा मास्तर

कळंबच्या अडत बाजारात रेवणप्पाइतका स्वतःवर खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्वारी, तूर, करडई, काय येईल ते विकायचा आणि जगात विकता येत नाही असं काही नाही, अशी त्याची ठाम समजूत. त्याचा मुलगा कल्याणप्पा आमच्या शाळेत गणित शिकवायचा आणि मी, महेबूब, इंग्रजी. गणितात गडी खरोखर हुशार, पण बापासमोर आला की त्याचा खांब व्हायचा. आधी मला त्याची कीव यायची. पुढं तीही येईनाशी झाली.

एकसष्ट साली आफ्रिकेतल्या एका देशानं इकडचे मास्तर तिकडं न्यायला सुरुवात केली. जहाजानं कापूस जायचा, शेंगदाणा जायचा, आता शिकवणंही जाऊ लागलं. कल्याणप्पानं चोरून अर्ज केला आणि मुंबईचं बोलावणं आलं. त्याची बायको उमाबाई हरखून गेली. सासऱ्याच्या हुकमतीबाहेर दोघांचा संसार होणार होता. तिनं ट्रंकसुद्धा पुसून ठेवली.

रेवणप्पाला कळलं तेव्हा त्यानं फर्मान काढलं. "म्या संगं येतो. मास्तर, तुमीबी चला, तुमचं इंग्रजी लागंल. आन् कल्याण, तू तोंड उघडायचं न्हाय. मालधनी बोलला की भाव पडतो."

बाजाराची रीत तीच होती. शेतकऱ्यानं आपल्या ढिगाशेजारी गुमान उभं राहायचं. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालणार, बोटं दाबणार आणि भाव ठरवणार. बापानं पोराला तूर समजावं, यात मला नवल वाटलं नाही. पोरानंही स्वतःला तूरच समजावं, याची शिसारी आली.

मुंबईत एका हॉटेलात मुलाखती चालल्या होत्या. शिपायाला बाजूला सारून रेवणप्पा आत घुसला आणि त्याच्या मागं आम्ही दोघं. परदेशी साहेब भला माणूस दिसला. त्यानं कल्याणप्पाला बसायला सांगून विचारलं, "वर्गात कुणालाच अपूर्णांक कळत नाहीत. सुरुवात कशी कराल?"

हे तर कल्याणप्पा रोज करत होता. पण त्यानं बापाकडं पाहिलं. रेवणप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला, साहेबाच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात सारला. साहेबानं दचकून हात मागं घेतला.

"यांना काय हवंय?" त्यानं मला विचारलं. मी लाजत बाजाराची रीत सांगितली. साहेब हसला नाही. कल्याणप्पाकडं वळून तो सावकाश म्हणाला, "तुम्हाला स्वतःला यायचंय का?"

हो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? मी कोपरानं ढोसलं. कल्याणप्पाचे ओठ हलले. समोर बाप डोळे वटारून गप राहा म्हणून खुणावत होता. बराच वेळ वाट पाहून साहेबानं पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

कळंबला परतल्यावर उमाबाईनं मला गाठून विचारलं. मी काही लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेवणप्पा दुकानात चारचौघांना ऐकवत होता, "भाव पटला न्हाय. माल माघारी आणला." लोक माना डोलावत होते. गादीच्या कडेला बसून कल्याणप्पाही डोलावत होता. असल्या माणसाला मी सहा वर्षं मित्र म्हणत होतो.

तेवढ्यात उमाबाई दुकानाची पायरी चढली. त्या घरच्या सुनेनं हे कधी केलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती शांतपणे म्हणाली, "मामंजी, भावाचं काय न्हवतं. गिऱ्हाइकानं पोतं उघडून बगितलं. आत कायच न्हाय निघालं. म्या लोहाऱ्याला माहेरी निघाले."

ती पायरी उतरून चालू लागली, तसं रेवणप्पानं कल्याणप्पाला हातानं ढकललं. "आरं, बोल की कायतरी."

कल्याणप्पानं तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवून तो बापाकडं बघत राहिला.