पान्याची गोळी

साळे, तू नुसतं ऐक. मधी बोलू नको, हसू नको, आन् ती शेंगांची पाटी आधी खाली ठेव. उद्या मला न्यायला येनार हायेत, परत तुझी गाठ कधी पडंल काय सांगावं, आन् हे मी कुनापाशी बोललेच न्हाई तर सासरी जाऊन येडी व्हईन मी.

गावभर बोलत्यात ना, रतनीनं आत्याला वाचवलं म्हनून? परवा तुझ्या आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला वाटलं, भुई फाटावी आन् आत जावं. त्यातलं निम्मं खोटं हाय, साळे. निम्म्याच्या वर.

गोजराआत्या तुला ठावं हाय, पन तिचं दुखनं काय त्ये तुला नीट ठावं न्हाई. आप्पांची थोरली बहीन ती. ल्हानपनी तिला ताप आला, सांधे सुजले, आन् त्यात काळजातली एक झडप आखडली. नगरच्या दवाखान्यातल्या डाक्टरीनबाईनं मला पाटीवर चित्र काढून दाखवल्तं. झडप आखडली की रगत पुढं सरकत न्हाई, मंग मागं पानी तुंबतं, आधी पायात, मंग पोटात, मंग छातीत. कामाला दम न्हाई, पोर झालं न्हाई, म्हनून नवऱ्यानं टाकली. तवापासनं आमच्यातच. आई वावरात जायची आन् मी आत्याच्या मांडीवर. मी चालायला शिकले ती तिचं बोट धरून.

आन् तिला गोळ्या दोन. एक काळजाची, डिगॉक्सिन का काय, मुगाच्या डाळीएवढी, आन् ती बी अर्धीच द्यायची, ऐतवारी खाडा. ती द्यायच्या आधी मनगट धरून नाडी मोजायची. मिनटाला साठाच्या खाली आली तर गोळी द्यायची न्हाई. डाक्टरीनबाई म्हनल्या हुत्या, "ही गोळी औषध आहे तसं विषही आहे. जास्त झाली तर उलट्या होतात, पिवळं पिवळं दिसतं, हृदय बंदही पडू शकतं." आन् दुसरी ती पान्याची. सकाळी घेतली की दुपारपत्तोर आत्याच्या पाच-सात खेपा भाईर. सगळं तुंबलेलं पानी लघवीवाटं जायचं. ती एक दिवस बी चुकवायची न्हाई. शिवाय मीठ बंद. मी सातवी पास, म्हनून डबी माझ्याकडं. दोन वरसं, साळे, दोन वरसं मी मास्तरीनबाईकडनं घड्याळ मागून आनून नाडी मोजली. एक दिवस चुकले न्हाई. तूच म्हनायचीस की, ही बघा आली कंपाउंडरीन!

मंग माझं लगीन ठरलं. शिंगनापूर. पाठराखीन कोन जानार ह्याच्यावर घरात वाद. आई म्हनली, "धाकट्या मावशीला धाडू. वन्संना सोसायचं न्हाई." मीच हट्ट धरला, आत्याच पायजे. खरं सांगू, मला तिथं एकटीला भ्या वाटत हुतं. आन् आत्या! तिनं तिचं हिरवं लुगडं पेटीतनं काढलं, उन्हात घातलं, घडी केली, परत उलगडून बघितलं. म्हनती, "रतने, वीस वरसं झाली, कुनी मला कुठल्या कार्याला पुढं केलं न्हाई गं." टाकलेली बाई ना. हळदीला बी लांब बसायची. आन् आता पाठराखीन! नवरीच्या शेजारी पाट!

तर आमी गेलो. तिथली घरं तुला ठावंच हायेत. चौकटी हायेत, दारं न्हाईत. पुढच्या चौकटीला पडदा, मागं तर त्यो बी न्हाई. भाईर जायचं म्हंजे वसरीवरनं जायचं, आन् वसरीवर मामंजी, त्यांचे भाऊ, पावने, सगळे पान खात बसलेले. बरं, जायचं तरी कुठं? माघ म्हंजे एरवी शाळू डोक्याएवढा उभा असतो, बाईमानूस कुठं बी आडोशाला जातं. औंदा पाऊसच न्हाई, वावरं नुसती उघडी, घरातनं बघितलं तर पार सडकंपत्तोर बोडकी भुई. एक निवडुंगाचं कुंपन लांब. बाकीच्या बाया तांबडं फुटायच्या आधी जाऊन येत्यात, मंग दिवसभर कळ काढत्यात. आन् आत्याची पहिली खेप सूर्य उगवल्यावर! आन् दर खेपंला एक तांब्या पानी. पानी टँकरचं, दोन दिसांनी येनारं. रांजनापाशी सासूबाई बसल्या हुत्या, त्यांनी चौथ्या तांब्याला रांजनावर झाकनी ठेवली. ती ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आन् ननंद मोठ्यांदी, सगळ्यांच्या देखत, "वहिनी, तुमची पाठराखीन नवरीला राखती का आमचं वावर?"

हसू नको म्हनलं ना, साळे.

सगळी वसरी हसली. ते बी हसले. व्हय, तेच, दुसरं कोन. आत्या कुंपनाकडनं येत हुती, रिकामा तांब्या पदराखाली झाकून. तिनं ऐकलं का न्हाई मला कळलं न्हाई. तिनं पदर जरा पुढं वढला, येवढंच.

दुसऱ्या दिशी सकाळी मी नाडी मोजली, बाहत्तर. काळजाची अर्धी गोळी दिली. पान्याची गोळी हातात घेतली आन् परत डबीत टाकली. म्हनले, "आत्या, ही चार दिस ऱ्हाऊ दे."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. "चालतंय का गं?"

"चालतंय की. काळजाची घेतीयास ना? मेन तीच हाय."

साळे, मी आसं म्हनले! डाक्टरीनबाईच्याच आवाजात म्हनले. मला ठावं हुतं चालत न्हाई. पाटीवरचं चित्र डोळ्यांपुढं हुतं माझ्या. पन त्या चित्रापेक्षा ती वसरी मोठी झाली. आन् आत्याला वाटलं, ही शिकलेली, दोन वरसं चुकली न्हाई, ही म्हनती तर चालत आसंल. खुश बी झाली बिचारी. म्हनती, "बरं झालं बाई, मला बी लाज वाटत हुती."

त्या दिवशी एकच खेप. सासूबाई म्हनल्या, "आज बरं हाय वाटतं विहीनबाईंना." मला कसं हलकं वाटलं सांगू.

तिसऱ्या दिशी तिची जोडवी बोटांत रुतली. पायाला बोट लावलं की खड्डा पडायचा आन् तसाच ऱ्हायचा. मी बघितलं. मी बघितलं, साळे, हेच तर सांगायचंय तुला! मला कळलं न्हाई आसं न्हाई. पन त्या दिशी सत्यनारायेन हुता, सगळं गाव जेवायला, आत्या माझ्याशेजारी पाटावर, कुनीतरी तिच्या पानात पापड वाढला, लोनचं वाढलं, पाठराखनीनं न्हाई कसं म्हनायचं? तिनं खाल्लं. मी बघत बसले. मनात म्हनले, उद्या परवा मुराळी येतील, घरी गेलं की देऊ गोळी, पानी उतरंल.

चौथ्या दिशी ती म्हनली, रात आख्खी भिताडाला टेकून बसून काढली, आडवं झालं की गुदमरतंय. आन् पाचव्या दिशी सकाळी, चूल पेटायच्या टायमाला, तिला दम लागला. साधा न्हाई गं. छातीत पानी खळखळल्यावानी आवाज. ओठ निळे, तोंडाला फेस आला, त्यो बी गुलाबी. मी नुसती "आत्या, आत्या" करत बसले. ते पळत गेले. टँकर नुकताच येऊन उभा हुता, गोरक्ष म्हनून डायव्हर हाय, त्याला म्हनले, पानी नंतर, आधी नगर. लोकं घागरी घेऊन रांगंत उभी, तशीच बाजूला झाली. आत्याला पुढं बसवली, मी तिला छातीशी धरून, ते भाईर फळीवर लटकत, आन् मागं टाकीत पानी डुचमळत हुतं. सगळ्या वाटंनं मागं पानी आन् हिच्या छातीत पानी.

दवाखान्यात त्यांनी सुई टोचली. त्याच पान्याच्या औषधाची सुई, साळे. नाकाला नळी लावली. दुपारपत्तोर भांडंभर लघवी झाली आन् ती माझ्याकडं बघून जराशी हसली. तवर आपल्या घोडेगावाहून आप्पा आले, आई आली, मागनं यष्टीनं सासूबाई बी आल्या. सगळे खाटंभवती. डाक्टरीनबाई आल्या.

"गोळ्या रोज चालू होत्या?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हनली, "रोज. ही पोरगी सोताच्या हातानं देती." आन् चादरीखाली माझा हात धरला. नखं रुतवली. बोलू नको म्हनून.

डाक्टरीनबाईनं तिच्या पायाला बोट लावून बघितलं. मंग म्हनल्या, "याचा अर्थ अर्धी गोळी आता पुरत नाही. आजपासून हृदयाची गोळी पूर्ण द्यायची." आन् कागदावर लिवलं.

मला त्यांचंच बोलनं आठवत हुतं. औषध हाय तसं विष हाय. अर्धी पुरत हुती गं! दोन वरसं पुरत हुती! कमी पडली ती दुसरीच, ती माझ्या डबीत हुती, कनवटीला, टोचत हुती मला. आन् मी गप. समोर सासूबाई. पाचवा दिवस माझा त्या घरातला. ते तिथंच भिताडापाशी, हातातलं लग्नातलं घड्याळ फिरवत.

डाक्टरीनबाई गेल्या. घटकाभरानं नर्सबाई आली, बाटलीच्या बुचात गोळी घेऊन. आख्खी. आत्यानं तोंड उघडलं. तिला ठावं हुतं काय, मला ठावं न्हाई. पन तिनं चिमनीच्या पिलावानी तोंड उघडलं, माझ्याकडं बघत. मी नर्सबाईचा हात धरला. बुच खाली पडलं.

"थांबा," म्हनले. "पान्याची गोळी बंद हुती. चार दिस. तिच्या पोटात न्हाई गेली ती."

आप्पा म्हनले, "बंद हुती? कुनी केली बंद?"

आन् आत्या, साळे, दम न्हाई, नाकात नळी, तरी उठून बसली आन् म्हनली, "मीच. मीच घेतली न्हाई. सारखं भाईर जायची लाज वाटत हुती. हिला ठावं न्हवतं. ही द्यायची, मी जिभंखाली धरून थुकायचे."

मी... मी काय बोललेच न्हाई.

बघ, आता तू बी आशी बघतीयास. मी म्हनायचं हुतं ना, न्हाई, मीच थांबवली? जिभंवर आल्तं. पन सासूबाई म्हनल्या, "आगं बाई, लाज कसली, तोंड न्हवतं का सांगायला? आमी काय मानसं न्हाई का?" त्या आत्याला म्हनल्या, पन लागलं मला. डाक्टरीनबाई परत आल्या, त्यांनी कागदावरचं खोडलं, अर्धीच ठेवली, पान्याची वाढवली. माझ्या पाठीवर थाप मारली. "हुशार आहेस. आज तू बोलली नसतीस तर महागात पडलं असतं." आन् आत्याला तिथंच सगळ्यांदेखत झापली, ल्हान पोरीला झापावं तशी. आत्या मान खाली घालून "चुकलं बाई, चुकलं" म्हनत हुती.

इचारलं ते एकट्या त्यांनीच. जाताना जिन्यावर हळूच म्हनले, "घरी नाडी तूच मोजायचीस ना? मग ती चार दिस थुकायची ते तुला दिसलं न्हाई?" मी म्हनले, न्हाई. त्यांनी परत इचारलं न्हाई. हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, म्हनले, मोजत जा. त्या दिवसापासनं ते घड्याळ माझ्याकडं हाय. बघ. मला ते हातात धरवत न्हाई.

आता आत्या घरी हाय. पाय उतरल्यात. पन जिना चढता येत न्हाई, अंगनात गेली तरी धाप. डाक्टरीनबाई म्हनल्या, काळजाला झालं ते नुकसान भरून येत न्हाई. आन् आई! आई उठता बसता तिला बोलती. "सोताची गोळी गिळता येत न्हाई, आन् चालली पाठराखीन व्हायला! पोरीच्या सासरी नाक कापलं." माझ्या धाकट्या बहिनीचं लगीन आखाजीनंतर धरनार, आईनं आत्ताच सांगून टाकलंय, वन्संना कार्याला न्यायचं न्हाई. आत्यानं ते हिरवं लुगडं आईकडं देऊन टाकलं. म्हनली, धाकटीच्या पाठराखनीला होईल.

काल मी तिच्यापाशी बसले. म्हनले, आत्या, मी सांगते सगळ्यांना. ती म्हनली, "माझी आन हाय तुला. मला काय, मी आदीच टाकलेली. माझं आनखी काय जायचंय? तुझं अख्खं हाय समदं." आन् मनगट पुढं केलं. मोज म्हनली. मी मोजली. अडुसष्ट. तिनं दोन्ही गोळ्या माझ्या देखत गिळल्या, मंग तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. आईनं रोज दाखवायला लावलंय तिला.

जीभ वर करून, साळे. माझ्यासमोर. मला.

उद्या सासूबाई सोता येनार हायेत न्यायला, आई पुरनपोळी करतीया, सगळे वसरीवर बसतील, आत्या आतल्या खोलीत. मी बोलले तर आत्याची आन मोडते, आन् सासूबाईंच्या मनात कायमची बसते की हिनं सोताच्या लाजंपायी वाढवनाऱ्या बाईला मारायला घेतलं हुतं. गप ऱ्हायले तर ती मरंपत्तोर जीभ वर करून दाखवत बसनार.

शेंगा सोलू नको गं. माझ्याकडं बघ. तू असतीस माझ्या जागी, तर काय केलं असतंस?