बोट आधी, सूर नंतर

पियानो विकून या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा धाकट्या भावाने त्याचा जुना लॅपटॉप आणि एक कीबोर्ड आणून दिला. "ताई, यात अख्खा पियानो आहे." होता खरा, पण पट्टी दाबली की सूर अंमळ उशिरा यायचा. मला वाटलं, यंत्राचा पियानो असाच असणार. विचारणार तरी कोणाला? या घरात माझ्याशिवाय आवाज करतो तो फक्त फ्रीज.

धाकटा व्हायोलिन वाजवतो. दूर राहतो. स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवतो आणि मी हेडफोन लावून त्याला साथ करते. वर्षानुवर्षं आमची जोडी अशीच.

मग एकदा त्याचा फोन आला. "रविवारी दुपारी येतोय. जुळलं तर पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात साथीला तूच."

माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्याच्यासमोर ही उशिरा येणाऱ्या सुराची रडकथा नको, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. पठ्ठ्या उगवला तो थेट रविवारी सकाळी.

"काकू, आवाजाचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच चुकीचा आहे." काकू म्हटल्याचा राग मी गिळला. "आणि बफर बघा, एक हजार चोवीस! एवढा मोठा डबा भरल्याशिवाय कॉम्प्युटर आवाज सोडतच नाही. लहान करून टाकतो."

नवा ड्रायव्हर घातला, आकडा एकशे अठ्ठावीस केला. मी पट्टी दाबली. सूर बोटाखालीच हजर! मला रडूच फुटलं.

"अजून काही बिघडलंय का?" तो बिचारा घाबरला.

दुपारी धाकटा आला. आम्ही सुरुवात केली आणि तो लगेच थांबला. "ताई, घाई नको." पुन्हा सुरुवात. "ताई, पुढे पळतेयस गं."

मी? जन्मात कधी लय सोडली नाही मी! पण तिसऱ्यांदाही त्याच्या आधीच पोचले, आणि मग लख्ख कळलं. उशिरा येणाऱ्या सुराने त्याचं व्हायोलिन गाठावं म्हणून इतकी वर्षं मी प्रत्येक पट्टी आधीच दाबत आले होते. टोकायला शेजारी कोणी नव्हतं. आता यंत्र सुधारलं होतं आणि मी तशीच होते.

त्याला सांगितलं. तो खो खो हसला, मीही हसले. "सरावाने जाईल," म्हणाला, पण व्हायोलिन पेटीत ठेवायला लागला. "या वेळी दुसरं कोणी बघतो. पुढच्या वेळी नक्की तू."

त्याला सोडायला लिफ्टपाशी गेले. जेवायला थांब म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात लिफ्ट आली.

मी परत येऊन लॅपटॉपसमोर बसले. सकाळी दुरुस्तीवाल्याने दाखवलं होतं तिथे जाऊन बफर पुन्हा एक हजार चोवीस केला. हेडफोन लावले आणि धाकट्याचं जुनं रेकॉर्डिंग सुरू केलं. पट्टी दाबली. थोड्या वेळाने सूर आला, बरोब्बर त्याच्या सुराबरोबर. शेवटपर्यंत आम्ही दोघं एकदाही चुकलो नाही.