डाळ शिजेल तिथे गाव

फाल्गुन सरत आला होता आणि काळ्या जमिनीला भेगा पडल्या होत्या. हातभर खोल भेगा. पळसाचे रान ज्वालापुष्पांनी पेटलेले, आभाळ घासलेल्या काशाच्या ताटासारखे निर्मळ, आणि त्या दोहोंच्या मधल्या निष्ठुर शुभ्र उजेडात नऊ गाड्यांची एक रांग पूर्वेकडून चालत येत होती.

नऊ गाड्या, अकरा बैलजोड्या, त्रेचाळीस माणसे. मागे नदीने खाल्लेले गाव. दर पुराला नदी एक आळी नेई. आधी कुंभारांची नेली, मग माळ्यांची, आणि ज्या वर्षी देवळाची ओसरी नेली त्या वर्षी लोक उठले. जाते उचलले, पाटा उचलला, चुलीतली राख पदरात बांधली आणि निघाले.

वीस दिवस ते चालत होते. वीस दिवस चाकांची तीच कुरकुर, तीच तप्त धूळ, तेच दूर पळणारे क्षितिज.

पुढे लोडबाजी चाले. सत्तरीचा, काठीसारखा ताठ, शब्दाचा पक्का. तो बोलला की वाद संपे आणि तो थांबला की गाड्या थांबत. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत पैसा-अडका नव्हता, देवही नव्हता. त्या पिशवीत तुरीची डाळ होती.

कारण जुन्या माणसांचा दंडक होता: जमीन पाहून गाव बसवू नये, सावली पाहून गाव बसवू नये. नव्या जागेच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत घालावी. दिवस मावळायच्या आत दाणा चिमटीत मोडला, तर गाड्या सोडाव्या. नाही मोडला, तर ते पाणी जड. जड पाणी पोरांना सुकवते, बैलांना खंगवते. तिथून उठावे. आणि डाळ शिजवणारी बाई गरोदर असावी. जी जागा तिला मानवेल, ती साऱ्यांना मानवेल.

डाळ शिजेल तिथे गाव.

दोन पाणी होऊन गेली होती. पहिले टेकडीच्या पायथ्याचे. तिथे डाळ खड्यासारखी राहिली. दुसरे चिंचेच्या बनातले. काय सावली होती ती, घनदाट, शीतल, मायाळू. तिथेही डाळ खड्यासारखी राहिली. बायांनी पसरलेली भांडी पुन्हा आवरली, लोडबाजीने एकदाही मागे पाहिले नाही, आणि गाड्या निघाल्या.

दोन्ही वेळा चुलीपाशी बसली होती ती बयना.

बयना उकंडाची बायको, वय एकोणीस, नववा महिना. बैलाच्या पाठीवर ओझे असावे तसे तिने आपले पोट वाहत आणले होते, गाडीच्या प्रत्येक हिसक्याला दोन्ही हातांनी धरून. लोकांना वाटे, भार होतो म्हणून धरते. तिला मात्र दुसरेच आठवत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात गाव सोडून पळताना तिची पहिली मुलगी चालत्या गाडीत जन्मली आणि चालत्या गाडीतच गेली. गाड्या थांबवायला वेळ नव्हता. रस्त्याकडेच्या एका पळसाखाली तिला ठेवले आणि माणसे पुढे गेली. पूर ओसरून फाल्गुन आल्यावर बयना तो पळस शोधायला गेली होती. पळस हजार होते. सगळे फुललेले, सगळे सारखे, सगळे मुके.

तेव्हापासून तिला पळसाची फुले पाहवत नसत. आणि या वीस दिवसांत दोन्ही बाजूंना पळसच पळस.

तिसऱ्या जागी नाल्याच्या वाळूत पुरुषांनी झिरा खणला. कमरेएवढ्या खोलीवर पाणी लागले. स्वच्छ, शांत, आभाळ पोटात घेतलेले पाणी. लोडबाजीने ओंजळ तोंडाला लावली, थोडा वेळ डोळे मिटले.

"गोड हाय," तो म्हणाला. "पन जिभेचं काय खरं नाही. घे वं बयना, ठेव चुलीवर."

सूर्य माथ्यावर होता.

तीन दगडांची चूल. पळसाच्या काटक्या. नवे मडके. बयना चुलीसमोर बसली आणि बाकीची माणसे रीतीप्रमाणे वीस पावले दूर. कोणी बैलांना पाणी पाजत होते, कोणी चाकाला तेल देत होते. पण चूल पेटली तसे सगळे हळूहळू चुलीकडे वळले. त्रेचाळीस माणसांचे डोळे एका मडक्यावर.

दुपार कलली. पाणी खळखळले, फेस आला, फेस गेला. पिवळे दाणे वर आले, फिरले, खाली गेले. बयनाने पळीने एक दाणा काढून चिमटीत धरला. दाणा टणक.

सावल्या लांबल्या. तिने पुन्हा दाणा काढला. दाणा टणक.

पलीकडून उकंडा ओरडला, "शिजली काय वं?"

"तुमी बोलल्यानं शिजत असती तं कवाच शिजली असती," ती म्हणाली, आणि लोक हसले. तिने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

तेवढ्यात पोटात एक कळ आली. छोटी, परिचित, दोन वर्षांपूर्वीची. बयनाला ठाऊक होते तिचा अर्थ काय. आठ दिवस, फार तर नऊ. आणि उद्या सकाळी गाड्या जुंपल्या तर आठव्या दिवशी ती कुठे असेल? कुठल्या रस्त्यावर, कुठल्या खडकाळ उतारावर, कुठल्या पळसाजवळ?

तिच्या कमरेच्या पिशवीत पापडखाराची पुरचुंडी होती. आईने लग्नात दिलेल्या सामानातली. वाट सरली की पापड लाटू म्हणून तिने ती जपली होती.

तिने सरपण सारायला म्हणून वाकून लोकांकडे पाठ केली. चिमूटभर खार मडक्यात पडला. मडके एकदम फसफसले आणि पुन्हा शांत झाले. पाऊस पडून गेल्यावर ढेकूळ जसे मुकाट विरते, तसे दाणे आतल्या आत मऊ होत गेले.

तिने देवाची क्षमा मागितली नाही. तिने पोटावर हात ठेवला.

रीतीचा शेवटचा भाग मात्र ती विसरली होती. डाळ शिजत आली की वडीलधाऱ्या बाईने येऊन शकुनाची हळद घालायची. सूर्य पळसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा लोडबाजीची बायको देवकामाय गुडघ्यांवर हात टेकत उठली, चुलीपाशी आली आणि तिने मडक्यात हळद सोडली.

हळद पिवळी पडली. आणि पाहता पाहता लाल झाली.

हळदीला खार लागला की तिचे कुंकू होते, हे कोणत्या बाईला ठाऊक नसते? देवकामायने पन्नास वर्षे घरी कुंकू केले होते. तिने मडक्यात पाहिले. मग बयनाकडे पाहिले. बयनाचे डोळे कोरडे होते, ओठ पांढरे होते आणि दोन्ही हात पोटावर होते.

लोडबाजी येऊन उभा राहिला. वाकून पाहू लागला.

"लाल कायले दिसते वं हे?"

पळसाचे रान जळत होते, नाल्याचे पाणी जळत होते, बैलांची शिंगे जळत होती. पश्चिमेने आपला सारा गुलाल त्या माळावर उधळला होता.

"सूर्य मावळून राहिला," देवकामाय म्हणाली. "तुमची दाढी बी लालच दिसते. थे बी शिजली म्हना."

माणसे खदखदून हसली. लोडबाजीने एक दाणा उचलला, चिमटीत धरला. दाणा लोण्यासारखा मोडला. त्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"सोडा बैल," तो म्हणाला.

नऊ गाड्यांची जोखडे एकामागून एक खाली आली. त्या आवाजासरशी बयना चुलीपाशीच आडवी झाली आणि तिथेच, उघड्या जमिनीवर, वीस दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपली.

मग गाव बसू लागले. आधी कुडाच्या भिंती, मग मातीचे लिंपण, मग तुराट्यांची छपरे. आधी चुली, मग दारे. तांबडे फुटताना जाती घरघरत, दुपारी लोहाराचा भाता धापा टाके, तिन्हीसांजेला धूर एका उंचीवर जाऊन थांबे आणि सगळ्या घरांचा मिळून एक होई. कुठे उभे राहून कोणाला हाक मारायची, कोणत्या वाटेने पाण्याला जायचे, कोणत्या दगडावर बसून कोणाची निंदा करायची, हे ठरले. वाटा पडल्या. कोणी पाडल्या नाहीत, पायांनी पडल्या.

नवव्या दिवशी बयनाला मुलगी झाली. न हलणाऱ्या जमिनीवर, चार भिंतींच्या आत. तिचे रडणे छपरातून बाहेर आले आणि गावातले पहिले रडणे म्हणून सगळ्यांनी कामे थांबवून ऐकले.

डाळ मात्र कोणाच्याच घरी शिजत नव्हती.

पहिल्या आठवड्यात बाया मडक्याला बोल लावीत, सरपणाला बोल लावीत. मग देवकामायने सुचवले तशी एक जण बाळंतिणीला पाहायला म्हणून बयनाकडे आली आणि पदरात काही बांधून गेली. मग दुसरी आली. पुरचुंडी संपली तेव्हा बयनाला नाल्याचा काठ दिसला. उन्हात तिथे मातीवर पांढरा खार फुटत असे, दवासारखा मऊ, राखेसारखा हलका. तो खरवडावा, पाण्यात विरघळवावा, निवळ वरच्यावर काढावी. चार थेंब पुरत. ज्या मातीने पाणी जड केले होते, त्याच मातीने उपायही अंगावर काढून ठेवला होता.

बाया बोलत नसत. पाण्याला जाताना फक्त एकमेकींना म्हणत, "हाय का घरी?" आणि उत्तर येई, "हाय."

पुरुष जेवत आणि म्हणत, नव्या गावचे पाणी भारी.

गावाचा दगड बसवायचा राहिला होता. पाणी सव्वा महिना पचले की मगच दगड बसवावा, तोवर गाव कच्चे, असा दंडक. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, दिवस ठरला. आखाजीच्या आदल्या दुपारी लोडबाजी जेवायला बसला. देवकामायने वाढले. घाईत खाराचे पाणी घालताना तिचा हात आज सैल पडला होता.

लोडबाजीने ताटाकडे पाहिले. मग दाराबाहेर, डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिले.

"आज दुपारीच मावळला वाटते सूर्य."

देवकामाय भाकर थापत राहिली. "कायले?"

"ताटातलं वरन लाल दिसते."

"जेवा गुमान."

तो जेवला नाही. "किती घरी मावळते असा?"

"साऱ्या."

"कवापासून?"

"पयल्या मडक्यापासून."

चुलीतले लाकूड तडकले. लोडबाजीने हात ताटातून काढून गुडघ्यावर ठेवला. "म्हंजे पानी जड हाय. आन मले कोनी सांगतलं नाही."

"तुमी इचारलं कोनाले? तुमी डाळीले इचारत होते. थ्या पोरीले एकदा तरी इचारलं काय, की बाई, तुले चालवते का?"

"रीत हाय थे. उद्या पोरं सुकली तं?"

"सुकली काय? सव्वा महिना झाला." तिने भाकर तव्यावर टाकली. "जड तं मी बी झाली आता. मले बी टाकून जाता?"

लोडबाजी न जेवता उठला. संध्याकाळपर्यंत गावाला कळले की म्हातारा न जेवता उठला, आणि का उठला. उकंडा दारात उभा राहून गाडीच्या चाकांकडे पाहत होता. बयना मुलीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. ओल्या लिंपणाचा गंध अजून गेला नव्हता.

लोडबाजी गावातून फिरला. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. कातडी तकतकीत होती. पोरांचे दंड चाचपले. झिऱ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याला. बयनाच्या दारापाशी थांबला आणि आतल्या बाळाचे चुटुचुटु दूध पिणे ऐकले. मग तो परतला.

आखाजीची सकाळ उजाडली. माळावर त्रेचाळीस माणसे उभी राहिली, आणि त्रेचाळीसावर एक. काळा, पुरुषभर उंच दगड खड्ड्यात उतरवून माती दाबली होती. पहिले पाणी घालण्याचा मान सर्वांत वडील माणसाचा. ते पाणी पडले की मागे फिरणे नाही. तोवर मात्र गाड्या जुंपता येतात. तांब्या लोडबाजीच्या हातात होता.

त्याने मान वळवली. "बयना, इकडं ये."

ती आली. छातीशी मूल धरून.

"तुया हातानं टाक."

"बाबाजी, मले काही सांगाचं—"

"पानी टाक म्हनतो न मी. बोलन्याले आता आयुष्य पडलं अथीच."

बयनाने तांब्या घेतला. पाणी दगडाच्या माथ्यावर पडले, काळ्या अंगावरून शतधारांनी उतरले, पायथ्याच्या मातीत मुरले. वैशाखाचे ऊन वर आले. माणसे हलली नाहीत.

ऊन पाणी पीत गेले. माथा सुकला, मग कड सुकली, मग पायथा. आणि जिथून जिथून पाणी वाहिले होते, तिथे तिथे दगडावर बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या. खाऱ्या, स्पष्ट, साऱ्यांना दिसतील अशा. लोडबाजीने त्या पाहिल्या. बायांनी पाहिल्या, पुरुषांनी पाहिल्या.

मग त्याने बोट शेंदरात बुडवले आणि रेघा न पुसता, रेघांच्या मधोमध, हळूच टिळा लावला.