चिरेखाणीतलं युद्ध

मी लाइफ जॅकेट बोलतोय. हसू नका. गेल्या महिन्यात पंचेचाळीस हजार लोकांनी मला बुलेटप्रूफ समजून पाहिलं आणि त्यातल्या कित्येकांनी 'जपून राहा' असंही लिहिलं. माझ्या पोटात फोम आहे. गोळी सोडा, कावळ्याची चोचही त्यात सहज शिरेल.

जन्माने मी नारिंगी. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या अस्लमने ट्रॉलरवर कामाला लागताना मला घेतलं. पण खलाशांची एक रीत आहे. तपासणीवाले दिसले की आम्हाला अंगात घालायचं, ते गेले की उशाला. सात वर्षं मी अस्लमच्या डोक्याखाली काढली. एकदा लोखंडी कडीत अडकून माझी बगल फाटली, तेव्हा त्याच्या बायकोने, फातिमाने, जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने ती शिवून दिली. फातिमा बंदरावर मासळी विकते. तिच्याशी घासाघीस करायला मोठे व्यापारीसुद्धा कचरतात.

पुढे अस्लम आखातातल्या एका बंदरात, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर नोकरीला गेला. कंपनीने त्याला नवं जॅकेट दिलं. मला सवत आली, मी पडवीत खुंटीवर गेलो.

मग आखातात युद्ध पेटलं आणि आमच्या पडवीत अनिल आला. अनिल शेजारचा. मोबाईलवर 'कोकणची तोफ' नावाचं बातम्यांचं चॅनेल चालवतो. रस्त्यातले खड्डे, नळाचं पाणी, बिबट्या दिसला, बिबट्या दिसला नाही, अशा त्याच्या बातम्या. त्याला आता मोठं व्हायचं होतं. होडीत बसायचं आहे असं सांगून त्याने मला मागून नेलं, घरी जाऊन काळा रंग फासला आणि छातीवर पांढऱ्या अक्षरांत 'प्रेस' लिहिलं. आईला, मालनताईंना, म्हणाला, "कोणी विचारला तर आखातात गेलाय म्हणून सांग."

"बरा," मालनताई म्हणाल्या, "पण मग दुपारचा जेवायला कुठे येणार हायस?"

जेवण मामाकडे ठरलं. गावाबाहेर जांभा दगड काढायची एक बंद चिरेखाण आहे. तिथे अनिल मला घालून उभा राहिला. मागे रामामामा घमेल्याने धुरळा उडवत होते आणि मधूनच शिंकत होते. शिंक आली की अनिल दचकून खाली वाकायचा. प्रेक्षकांना वाटलं, बॉम्ब पडतायत.

"मी बंदरात उभा आहे," अनिल सांगत होता. "बंदर बेचिराख झालंय. इथली एकही टगबोट वाचलेली नाही." आणि त्याने बंदराचं नाव घेतलं. ते अस्लमचं बंदर होतं. अनिलला आखातातलं तेवढंच एक ठाऊक होतं. तोवर मी मजा बघत होतो, पण आता मला धडकी भरली.

पुढचं मला नंतर फातिमाच्या तोंडून कळलं. दोन दिवस अस्लमचा फोन लागत नव्हता, त्यात हा व्हिडिओ तिच्याकडे पोचला. शेजारच्या बायका येऊन बसल्या, कोणी तिचं भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं. फातिमा रडली नाही. मासळी घेताना ती आधी कल्ला उघडून ताजी आहे का बघते, भावाचं मागाहून. तिने व्हिडिओचा आवाज बंद केला आणि तो तीनदा बघितला. तिसऱ्या वेळी तिला माझ्या बगलेतला निळा टाका दिसला. मग ती मालनताईंकडे गेली. मालनताईंना खोटं फार वेळ तोंडात धरवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून थेट चिरेखाणीत आली. रामामामा घमेलं टाकून पळाले.

"अनिल, टग बुडताना तू बघितलास?"

"नाय भाभी."

"अस्लमला बघितलास?"

"नाय."

"मग एक पण वाचली नाय, असा तुला कोणी सांगितलान?"

"एका ग्रुपवर आला होता."

मला वाटलं, चला, चोरी पकडली गेली. आता चार शिव्या होतील आणि मी परत खुंटीवर जाईन. पण अनिल एका चिऱ्यावर बसला.

"भाभी, मीच अस्लमभाईंना सांगितलेला, टगच्या छपरावर जाऊन लढाईचा एक व्हिडिओ काढून पाठवा म्हणून. तिकडे व्हिडिओ काढणाऱ्याला पकडतात, ते मला माहीत नव्हता. ते काढतो बोलले. तेव्हापासून फोन लागत नाय."

खरं सांगतो, माझा सगळा चावटपणा तिथेच संपला. ज्या माणसाच्या उशाला मी सात वर्षं राहिलो, त्याला ह्या पोराने लोकांनी बघावं म्हणून गोळ्यांत उभं केलं होतं.

"मोबाईल लाव," फातिमा म्हणाली. "आणि तुला माहीत हाय तेवढाच बोल."

अनिल उभा राहिला. "मी रत्नागिरीत आहे. ही चिरेखाण आहे. तिकडचं मला काहीही माहीत नाही. मिरकरवाड्याच्या अस्लमभाईंचा फोन लागत नाही. मी त्यांना व्हिडिओ काढायला सांगितलं होतं. कोणाला त्यांची खबर असेल तर कळवा."

ती बातमी तीनशे बारा लोकांनी पाहिली. शिव्या मात्र त्याहून जास्त आल्या. पण त्या तीनशे बारांत अंजनवेलचा फुजैल होता, त्याच बंदरात क्रेन चालवणारा. त्याने लिहिलं, "अस्लमला पकडून नेलानी. जखम नाय."

कंपनीने खटपट करून त्याला सोडवलं आणि पाचव्या दिवशी अस्लमचा फोन आला. फातिमा तेव्हा रडली, चांगली हुंदके देऊन. मग तिने फोन स्पीकरवर टाकून अनिलच्या हातात दिला.

"व्हिडिओ काढला होता रे," अस्लम म्हणाला. "पकडायच्या आधी मीच पुसला. त्यात आमच्या बंदराचा रखवालदार मरून पडलेला दिसत होता. त्याच्या घरी अजून कोणी कळवला नव्हता."

अनिलने फोन फातिमाला परत दिला.

आता मी परत पडवीत आहे. फातिमाने मला रॉकेलने घासलं. नारिंगी रंग थोडा वर आला, 'प्रेस' काही निघालं नाही. परवा अनिल मला पुन्हा मागायला आला, खाडीत होडी उलटली त्याची बातमी करायची होती. "होडीत बसणार हायस की काठावर?" फातिमाने विचारलं. "काठावर," तो म्हणाला, आणि आपणच हसून रिकाम्या हाताने गेला.

त्या रखवालदाराचं नाव अस्लमने फोनवर सांगितलं होतं. मी ते ऐकलं आहे. तुम्ही कितीही आग्रह केलात तरी सांगणार नाही, कारण त्याच्या घरी कळलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.