वहिनीची परवानगी

पडदा सरकवून ती आत गेली आणि तपासणीच्या टेबलावर पाय लोंबते सोडून बसलेली बाई पाहून जागीच थबकली. वहिनी होती.

"अगं, तू? आधी सांगायचं नाही का?"

"आज तुझी सुट्टी आहे म्हणून तर आले," वहिनी ओशाळून म्हणाली. "तू नेमकी इथे उगवलीस!"

मैत्रिणीच्या विनंतीवरून तिने ड्यूटी बदलून घेतली होती. दवाखान्यात ती सिस्टर. पण पन्नाशीला टेकली तरी भावाच्या घरी ती छोटीच होती. दादा तिला याच नावाने हाक मारी आणि त्याच्यामागून वहिनीही.

छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी हात फिरवला आणि बोलता बोलता गप्प झाल्या. तो गप्पपणा छोटीच्या चांगला ओळखीचा होता. पुढच्या आठवड्यात तपासणीचा निकाल आला तेव्हा नवल वाटावं असं काही उरलं नव्हतं. कर्करोग होता, पण अजून पसरलेला नव्हता. लगेच ऑपरेशन केलं तर बाई बरी होईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

"आत्ता नाही," वहिनी म्हणाली. "पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊ दे."

बाहेरच्या बाकावर छोटीने तिचा हात घट्ट धरला. "वेड लागलंय का तुला? दादाला आजच सांगू. मी येते घरी."

"यांना अजिबात सांगायचं नाही."

"वहिनी!"

"तू हे नणंद म्हणून बोलतेस की सिस्टर म्हणून?"

"दोन्ही म्हणून."

"मग सिस्टर म्हणून ऐक. पेशंटची गोष्ट तुमच्याकडे बाहेर जात नाही ना? माझीही जाता कामा नये." मग तिचा आवाज उतरला. "तुझ्या आईच्या आजारपणात पाहिलंय मी यांना. जेवण सुटलं, झोप सुटली, गॅरेजला कुलूप. नुसते बघत बसायचे तिच्याकडे. यांना कळलं की त्याच दिवशी मी पेशंट होईन गं. अजून थोडे दिवस बायको राहू दे मला."

त्याच दुपारी छोटीने सिस्टरांच्या वरिष्ठ मेट्रनबाईंचं दार ठोठावलं. माणूस कोण ते न सांगता तिने सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनीही कोण ते विचारलं नाही.

"बाई शुद्धीवर आहे? तिला सगळं समजलंय?"

"हो."

"मग तिची गोष्ट तिची. समजवा, पुन्हा पुन्हा समजवा. पण तिला डावलून नवऱ्याला सांगता येणार नाही." त्या थोडं थांबल्या. "ते मागचं प्रकरण आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? एका सिस्टरने एका मुलीचा आजार तिच्या सासरी सांगितला होता, तोही भल्यासाठीच. सासरच्यांनी मुलीला घराबाहेर काढलं. परिचारिका परिषदेपुढे चौकशी झाली आणि त्या सिस्टरची नोंदणी रद्द झाली. तेव्हा चहाच्या टेबलावर सगळ्यांत आधी "बरं झालं" म्हणाली होती ती छोटीच.

तिने समजावण्यात कसर ठेवली नाही. रोज फोन केला. रागावली, रडली, डॉक्टरीणबाईंनाही बोलायला लावलं. वहिनी दर वेळी निमूट ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "परीक्षा झाली की येतेच."

एकदा छोटी त्यांच्याकडे जेवायला गेली. वहिनी गच्चीवर कपडे काढायला गेली तशी दादाने ताट बाजूला सारलं.

"छोटे, तुझ्या वहिनीचं काय चाललंय गं? अंग उतरलंय तिचं. विचारलं तर म्हणते, वय झालं. तुमच्या दवाखान्यात दाखवलंय का तिने?"

तोंडाशी आलेला घास छोटीने परत ताटात ठेवला. समोर दादा होता, तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडणारा. एक वाक्य बोलली असती तर त्याने वहिनीला उचलून नेऊन ऑपरेशनच्या टेबलावर ठेवलं असतं.

"तिलाच विचार ना," ती म्हणाली. "नीट बसवून विचार. सोडू नकोस तिला."

"म्हणजे काही आहे?"

"विचार म्हटलं ना मी!"

तो हसला. "तू पण ना, सरळ उत्तर देशील तर शपथ." त्या रात्री त्याने वहिनीला विचारलंही. वहिनीने हसण्यावारी नेलं आणि त्याने ते मानलं. मानायचंच होतं त्याला.

काही महिन्यांनी परीक्षा झाली. वहिनी दिलेल्या शब्दाप्रमाणे आली खरी, पण तोवर आजार यकृतापर्यंत पोचला होता. आता नवऱ्याला सांगायला तिची हरकत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दादाला आत बोलावलं, समजावून सांगितलं आणि चांगल्या मनाने म्हणाल्या, "आम्ही सुरुवातीलाच ऑपरेशन सुचवलं होतं. तुमच्या बहिणीने तर फार जीव तोडला त्यांच्यासाठी."

दादा बाहेर आला. जिन्यापाशी छोटी उभी होती.

"तुला माहीत होतं."

"दादा, तिने मला..."

"मी विचारलं होतं तुला. जेवायला बसलो होतो आपण."

"मला सांगता येत नव्हतं रे."

"कोणी सांगू दिलं नाही? तुझ्या नोकरीने?"

नोकरीने नाही, वहिनीने, असं तिला म्हणायचं होतं. पण आता वहिनीवर ढकलायचं तरी कसं? पुढे वहिनीने अंथरुणावरून त्याला किती वेळा सांगितलं, "मीच बांधून घेतलं होतं तिला, तिला बोल लावू नका." त्याने दर वेळी होकाराची मान हलवली. वहिनी गेली. भाचीने आत्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं, पण दादा छोटीशी काही बोलला नाही.

बऱ्याच महिन्यांनी तो दवाखान्यात आला तो हात कापून घेऊन. गॅरेजमध्ये पत्रा लागला होता. ड्रेसिंगच्या खोलीत छोटीचीच ड्यूटी होती. तिने जखम धुतली, डॉक्टरांनी टाके घातले आणि निघून गेले. पट्टी बांधायला पुन्हा तीच राहिली. दुखतंय का, असं तिने विचारलं. तो भिंतीकडे बघत होता.

"मला काही निघालं तर पोरीला सांगून टाक," तो म्हणाला. "परवानगी आत्ताच देऊन ठेवतो. मला विचारत बसू नकोस."

तिची बोटं थांबली. "बरं," ती म्हणाली, आणि पट्टीचा उरलेला वेढा तिने पुरा केला.

तो उठला. शर्टाची बाही खाली ओढून, पट्टी बांधलेल्या हाताचं बटण दुसऱ्या हाताने लावायला लागला. बटण काजात शिरेना. तिने हात पुढे केला, तसा तो किंचित मागे सरकला. ती हात तसाच धरून उभी राहिली. त्याने आणखी एकदा प्रयत्न केला, मग बाही तशीच उघडी सोडून तो बाहेर गेला, आणि तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.