कोपऱ्यातलं उलटं पाणी

तात्यांचा आवाज बंद झाला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या लोकांना मनातून सुटल्यासारखं वाटलं असणार. तात्या म्हणजे माझे वडील, ज्ञानू मुकादम, मार्केटात पोती उचलणाऱ्या माथाडी टोळीचा म्होरक्या. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात त्यांनी नुसतं "चहा" म्हटलं तरी खाली रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघायचा. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता.

स्पीच थेरपीच्या मॅडम यायच्या, चित्रांची कार्डं दाखवायच्या. सफरचंद. मांजर. चेंडू. ज्या माणसानं अख्ख्या टोळीला दम भरला, त्यानं आता मांजर म्हणायचं! तात्या भिंतीकडे तोंड फिरवून पडायचे. जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांनी प्रयत्नच सोडलाय. असंच राहिलं तर बोलणं परत येणं कठीण होत जाईल." माझं डोकंच फिरलं. मॅडमवर नाही, तात्यांवर. आयुष्यभर आमच्यावर ओरडलात, आणि आता नेमकं गप्प बसायचं?

मी महापेला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. म्हटलं, कार्डं नकोत ना, ठीक आहे. मी टॅबवर खेळायचा एक गेम करायला घेतला. पडद्यावर चौकोनी तुकडे, फरशा लावाव्यात तसे. प्रत्येकावर पाटाचा एक भाग, कुठे सरळ, कुठे वळणाचा. बोट लावलं की तुकडा फिरतो. सगळे नीट जुळले की विहिरीचं पाणी पाटानं वाहत उसापर्यंत जातं. साताऱ्याकडे आमची थोडी शेती आहे. पाण्याची पाळी आली की तात्या मार्केटातून रजा काढून गावी जायचे आणि खोरं घेऊन उसाच्या सऱ्या पाण्यानं भरत उभे राहायचे. तेवढ्या एकाच कामात मी त्यांना शांत बघितलंय.

पाणी वाहतं दाखवणं मात्र जिवावर आलं. लाटांची चार चित्रं काढून ती एकामागून एक फिरवली की पाणी सरकल्यासारखं दिसतं. सरळ पाटात झकास. वळणाच्या तुकड्यात घोळ होता. मी ते पाणी एकाच दिशेनं काढलं होतं. ते दुसऱ्या टोकानं आत शिरलं तरी लाटा आपल्या जुन्याच दिशेला, म्हणजे विहिरीकडे परत चालल्यासारख्या दिसायच्या. मला ते माहीत होतं. पण मी कंटाळले होते. म्हटलं, एवढं कोण बघतंय.

रविवारी सकाळी टॅब तात्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी एक तुकडा फिरवला, मग दुसरा. माझी आई शालनबाई दारात लसूण सोलत उभी होती. तुकडे जुळले, पाणी सुटलं, वळणावर पोहोचलं आणि तात्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"ए!"

आईच्या हातातला लसूण खाली पडला.

"म्हागं! म्हागं... चाललंय की!"

आवाज घोगरा, शब्द ओढलेले, पण दम तोच, मुकादमाचा. मला इतका आनंद झाला की मी मूर्खासारखी हसत सुटले. त्यामुळे ते आणखी चिडले आणि पुन्हा ओरडले, "म्हागं!"

"ह्ये बोललं! तेजे, ह्ये बोललं गं!" आई माझा दंड धरून हलवत होती. जरा भानावर आली आणि मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "त्ये उलटं ऱ्हाऊ दे. नीट केलंस आन् पुन्यांदा गप झालं म्हंजी?"

मलाही तीच भीती होती. पण बाहेर तात्या टॅबवर बोट आपटत होते, आणि चुकीच्या पाण्यासमोर त्यांना असं बसवून ठेवणं मला पटेना. लॅपटॉप उघडला. पाणी कुठल्या बाजूनं आलं हे प्रत्येक तुकडा आधी बघेल आणि मगच लाटा फिरवील, असं केलं. जेवणं होईपर्यंत काम झालं.

तात्यांनी पुन्हा तुकडे जुळवले. पाणी निघालं, वळणावर मुकाट वळलं, सरीत शिरलं. ऊस हिरवा झाला. तात्या गप्प. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पडद्यावर पाणी आपलं वाहतच होतं, कारण ते थांबवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तात्यांनी मान वर केली. रागानं नाही, बांधावरून सांगावं तसं सावकाश म्हणाले, "भरली... सरी. बंद कर. वाया... चाललंय."

आई सवयीनं उठली आणि स्वयंपाकघरातला नळ घट्ट पिळून आली. तो आधीपासून बंदच होता. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "झालं ह्येंचं सुरू."